ब्यूटटाऊनचा नगरसेवक मुंबईत कशासाठी आला होता?

मे २०२४ मध्ये वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर वॉन गेथिंग मुंबईत आले होते. टाटा स्टीलच्या वरिष्ठांना भेटून त्यांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांना सक्तीने घरी पाठवू नका, आणि ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होईपर्यंत मागे घेता येणार नाही असा निर्णय करू नका. जानेवारीत टाटा स्टीलने तिथल्या लोखंड गाळणाऱ्या दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याची योजना जाहीर केली होती आणि त्यात सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार होत्या.

सरकारचा प्रमुख असलेल्या माणसाला एका कंपनीला विनंती करायला सात हजार किलोमीटर का यावं लागतं? आपल्या राज्यात हुकूम सोडता येत नाही का? हा माणूस कोण, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्याला पद का सोडावं लागलं? या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. ती सोडवायची तर आधी वेल्सचा कारभार समजून घ्यावा लागतो आणि मग गेथिंग यांची वाटचाल, जी ब्यूटटाऊन नावाच्या एका प्रभागात नगरसेवक म्हणून सुरू झाली.

वेल्स: देश, राज्य की प्रांत?

ब्रिटन म्हणजे युनायटेड किंग्डम हे चार भागांचं मिळून झालेलं राज्य आहे: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत जेवढी माणसं होती तेवढीच. वेल्श लोक स्वतःला राष्ट्र म्हणतात, त्यांची स्वतःची भाषा आहे, पण १९९९ पर्यंत त्यांचं स्वतःचं विधिमंडळ नव्हतं.

ते मिळालं १९९७ च्या सार्वमतामुळे. बाजूने ५०.३ टक्के मतं पडली, फरक अवघ्या ६,७२१ मतांचा. लंडनच्या संसदेने आपले काही अधिकार खालच्या विधिमंडळाला देण्याच्या या पद्धतीला तिकडे ‘डिव्होल्यूशन’ म्हणतात. आपण ‘अधिकार सोपवणं’ म्हणू. वेल्सच्या विधिमंडळाचं नाव ‘सेनेद’, तिथले सदस्य म्हणजे आपल्या भाषेत आमदार, आणि फर्स्ट मिनिस्टर म्हणजे जवळजवळ मुख्यमंत्री.

हा ‘जवळजवळ’ महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र विधानसभेला अधिकार देते ती राज्यघटना. दिल्लीला वाटलं म्हणून एका कायद्याने ते काढून घेता येत नाहीत. सेनेदचे अधिकार मात्र लंडनच्या संसदेने केलेल्या कायद्यांतून आले आहेत. आपलं राज्य म्हणजे आपल्या नावावरची खोली म्हणा, तर वेल्स म्हणजे वडिलांनी लेखी परवानगीने वापरायला दिलेली खोली. परवानगी सहसा मागे घेतली जात नाही, पण सातबारा कोणाच्या नावावर आहे हे दोघांनाही माहीत असतं.

सोसायटी, विंग आणि लिफ्टचं कंत्राट

काय वेल्सकडे आणि काय लंडनकडे, हे समजायला गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घेऊ. समजा, चार विंगची मोठी सोसायटी आहे. मेंटेनन्सचा बहुतेक पैसा मुख्य कमिटीकडे जमा होतो आणि ती प्रत्येक विंगला ठरावीक रक्कम देते. ‘डी’ विंगने आपल्या जिन्याला कोणता रंग द्यायचा, बागेत काय लावायचं हे तिने ठरवावं. पण मुख्य गेट, वॉचमन आणि लिफ्टचं कंत्राट कमिटीकडेच.

वेल्स ही ‘डी’ विंग. आरोग्य, शिक्षण, स्थानिक वाहतूक, शेती, पर्यावरण, घरबांधणी आणि नगरपालिका तिच्याकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, व्यापार करार, स्थलांतराचे नियम, बहुतेक मोठे कर आणि विजेच्या बाजाराची मुख्य रचना लंडनकडे. २०१९ पासून प्राप्तिकराचा थोडा भाग वेल्स ठरवू शकतं, पण तिजोरीची मोठी किल्ली लंडनलाच.

पोलाद कारखान्याच्या बाबतीत कळीच्या गोष्टी तीन: वीज किती महाग, बाहेरचं स्वस्त पोलाद किती येतं आणि सरकार नव्या भट्टीसाठी किती पैसे घालतं. तिन्हींत वजनदार शब्द लंडनचा. जुन्या भट्ट्यांच्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारण्याचा खर्च सव्वा अब्ज पौंड. त्यातले ५० कोटी पौंड लंडन सरकार देणार होतं. गेथिंग यांच्या हातात उरलं काय, तर कामगारांना नवं कौशल्य शिकवणं, परवाने, स्थानिक मदत आणि विनंती. म्हणून ते मुंबईत आले. यात मला कमीपणा दिसत नाही. अधिकार नसलेल्या ठिकाणी आपल्या माणसांसाठी जाऊन बोलणं हेसुद्धा लोकप्रतिनिधीचं काम आहे.

लुसाकात जन्म, नोकरी हुकली अ‍ॅबरगॅव्हेनीत

गेथिंग यांचा जन्म मार्च १९७४ मध्ये झांबियाची राजधानी लुसाका इथे झाला. वडील वेल्सच्या ओगमोर-बाय-सी या गावचे, पशुवैद्य. कामानिमित्त झांबियात गेले आणि तिथे कुक्कुटपालन करणाऱ्या एका स्थानिक स्त्रीशी त्यांचं लग्न झालं. मुलगा दोनेक वर्षांचा असताना कुटुंब वेल्सला परतलं. वडिलांना अ‍ॅबरगॅव्हेनी या गावात नोकरी देऊ केली होती. बायको-मुलांसह ते तिथे पोचले आणि कुटुंब कृष्णवर्णीय आहे हे पाहिल्यावर ती नोकरी मागे घेतली गेली, असं गेथिंग यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. मग सगळे इंग्लंडमध्ये डॉर्सेटला गेले आणि गेथिंग तिथेच वाढले.

इथे वाचकाला शंका येईल: वडील वेल्श, मग हा स्थलांतरित कसला? कागदावर पाहिलं तर शंका रास्त आहे. पण त्या गावाने नोकरी नाकारताना वडिलांचं मूळ गाव विचारलं नाही. माणूस कुठला हे पासपोर्टवर एक लिहिलेलं असतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत दुसरं. हा अनुभव परराज्यात किंवा परदेशात राहिलेल्या मराठी माणसाला उलगडून सांगावा लागत नाही. गेथिंग यांच्या बाबतीत दुसरं उत्तर निर्णायक ठरलं, आणि ज्या वेल्सने कुटुंबाला दारातून परत पाठवलं तिथेच ते शिकायला परतले. अ‍ॅबरिस्टविथला कायदा शिकले, वेल्समधल्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष झाले, मग कामगारांचे खटले लढवणाऱ्या वकिली संस्थेत लागले. वेल्सच्या कामगार संघटनांच्या महासंघाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष.

पहिली पायरी: एक प्रभाग

२००४ मध्ये ते वेल्सची राजधानी कार्डिफच्या कौन्सिलवर, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेवर, ब्यूटटाऊन प्रभागातून निवडून आले. या प्रभागाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

एकोणिसाव्या शतकात ब्यूटच्या जहागीरदाराने कार्डिफमध्ये गोद्या बांधल्या आणि वेल्सच्या डोंगरांतला कोळसा इथून जगभर जाऊ लागला. त्या बोटींवर सोमाली, येमेनी, पश्चिम आफ्रिकन, कॅरिबियन खलाशी आले आणि गोदीलगतच्या गल्ल्यांत राहिले. तीच ही वस्ती, ‘टायगर बे’ या नावानेही ओळखली गेलेली. मुंबईत माझगाव-डोंगरीला जे गोदीने दिलं, तेच कार्डिफमध्ये ब्यूटटाऊनला. वेल्सच्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका बेटी कॅम्बेल याच वस्तीतल्या शाळेत होत्या आणि त्यांनी नगरसेवक म्हणूनही काम केलं. २०२१ मध्ये कार्डिफच्या मध्यवर्ती चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला.

‘नगरसेवक’ म्हटलं की आपल्याला गटार, नळ आणि रस्त्यावरचे खड्डे आठवतात. वेल्समध्ये २२ कौन्सिल आहेत आणि त्यांच्याकडे याखेरीज शाळा, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल, निराधार मुलं आणि बांधकाम परवानगी एवढं सगळं येतं. कार्डिफमध्ये कौन्सिलच्या मालकीची भाड्याची घरंही आहेत. नगरसेवक ठरावीक वेळी वाचनालयात किंवा समाजमंदिरात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. त्याला तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात. घरात ओल आलीय, आईला मदतनीस मिळत नाही, मुलाला शाळेत जागा नाही. टेबलाच्या पलीकडचा माणूस कोणत्या रंगाचा आहे यापेक्षा तो पत्र लिहितो का, पुन्हा फोन करतो का, एवढंच त्या क्षणी महत्त्वाचं असतं.

बाहेरून आलेला माणूस राजकारणात वर चढतो तो बहुतेक वेळा याच पायरीवरून, कारण इथे त्याला ओळखणारी माणसं असतात. मोहम्मद असगर पेशावरला जन्मले, न्यूपोर्टमध्ये नगरसेवक झाले आणि २००७ मध्ये वेल्सच्या विधिमंडळात पोचलेले पहिले वांशिक अल्पसंख्याक सदस्य ठरले. अमृतसरला जन्मलेले बशीर अहमद ग्लासगोचे नगरसेवक होते. तेही २००७ मध्येच स्कॉटलंडच्या संसदेत गेले, तिथले पहिले आशियाई सदस्य म्हणून. आपल्याकडे देवेंद्र फडणवीस नागपुरात आणि एकनाथ शिंदे ठाण्यात नगरसेवक म्हणूनच सुरुवात करून मुख्यमंत्री झाले. प्रभाग ही राजकारणातली सगळीकडची बालवाडी आहे. फक्त बाहेरच्या माणसाला तिथे प्रवेश मिळतो का, हा प्रश्न वेगळा.

जाता जाता आपल्या घरची गोष्ट. ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, ते लिओ वराडकर डब्लिनलगतच्या फिंगल कौन्सिलवर नगरसेवक होते आणि पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झाले. गेथिंग ज्या दिवशी फर्स्ट मिनिस्टर झाले, त्याच दिवशी, २० मार्च २०२४ रोजी, वराडकरांनी आपण पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

आमदार, मंत्री, महामारी

गेथिंग यांची नगरसेवकपदाची मुदत २००८ मध्ये संपली. २०११ मध्ये ते कार्डिफ साऊथ अँड पेनार्थ मतदारसंघातून निवडून गेले. सेनेदची इमारत ब्यूटटाऊनच्याच हद्दीत आहे, म्हणजे वस्तीतली गाऱ्हाणी घेऊन त्यांना लांब जावं लागलं नाही. २०१३ मध्ये उपमंत्री झाले. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांपैकी कोणत्याही सरकारात मंत्री झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. २०१६ पासून आरोग्यमंत्री, म्हणजे कोविडचा पहिला कठीण काळ त्यांच्या खांद्यावर. एकदा ऑनलाइन बैठकीत माइक चालू राहिला आणि स्वतःच्याच पक्षाच्या सदस्येबद्दलचे त्यांचे अपशब्द सगळ्यांनी ऐकले. माफी मागावी लागली. २०२१ मध्ये अर्थव्यवस्था खातं आलं.

नेता निवडतं कोण?

आपल्याकडे मुख्यमंत्री ठरतो तो आमदारांच्या बैठकीत किंवा दिल्लीच्या फोनवर. वेल्समध्ये तेव्हा सत्तेत असलेल्या लेबर पक्षाचा नेता पक्षाचे साधे सदस्य आणि संलग्न कामगार संघटनांचे सदस्य मतदान करून निवडतात. ज्याला पक्षाने निवडलं, त्याच्या नावाला मग सेनेदची मंजुरी लागते.

२०१८ मध्ये गेथिंग मार्क ड्रेकफर्ड यांच्याकडून हरले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेकफर्ड यांनी पद सोडायचं ठरवलं आणि गेथिंग पुन्हा उभे राहिले. समोर शिक्षणमंत्री जेरेमी माइल्स. १६ मार्च २०२४ रोजी निकाल लागला: गेथिंग ५१.७ टक्के, माइल्स ४८.३. युरोपातल्या कोणत्याही देशाचं नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून जगभर बातमी झाली. त्या वेळी लंडनमध्ये ऋषी सुनक पंतप्रधान, स्कॉटलंडमध्ये हमजा युसुफ फर्स्ट मिनिस्टर आणि उत्तर आयर्लंडमध्ये दोन स्त्रिया सर्वोच्च पदांवर होत्या. ब्रिटनच्या चारपैकी एकाही सरकारच्या शिखरावर गोरा पुरुष नव्हता. ज्या साम्राज्याने आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्याच्या घरात हे घडताना पाहून मी हरखलो होतो आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

पण पक्षातली लढत म्हणजे हजारो सदस्यांपर्यंत पोचणं. पत्रकं, फोन, माणसं, प्रवास यांना पैसा लागतो. गोष्ट इथे वळण घेते.

नियम मोडला नाही, मग चूक काय?

प्रचारासाठी गेथिंग यांनी डॉसन एन्व्हायर्नमेंटल ग्रुप या कंपनीकडून दोन लाख पौंड घेतले. तेव्हाच्या दराने सुमारे दोन कोटी रुपये, आणि वेल्सच्या राजकारणात ही रक्कम डोळे विस्फारणारी. कंपनीच्या मालकाला पर्यावरणविषयक गुन्ह्यांत दोनदा शिक्षा झालेली होती. देणगी रीतसर जाहीर केली होती आणि आपण सगळे नियम पाळले, असं गेथिंग शेवटपर्यंत सांगत राहिले.

नियम पाळले ही गोष्ट खरी धरूनच पुढे विचार करू. समजा, सोसायटीच्या विंगचा सेक्रेटरी निवडायचा आहे. एक उमेदवार गच्चीवर बेकायदा बांधकाम केल्याबद्दल दंड झालेल्या कंत्राटदाराकडून पैसे घेतो, पावती देतो आणि नोटीस बोर्डावर लावतो. उपविधीत याला मनाई नाही. तरी पुढे कंत्राटाचा विषय निघाला की सभासद त्याच्याकडे कसे बघतील? गेथिंग यांनी पूर्वी स्थानिक आमदार या नात्याने त्या कंपनीसाठी पर्यावरण नियामक संस्थेला पत्र लिहिलं होतं, हेही बाहेर आलं. आमदाराने मतदारसंघातल्या उद्योगासाठी पत्र लिहिणं रोजचंच असतं. पण पत्र आणि पैसा शेजारी-शेजारी ठेवले की चित्र बदलतं.

माझं मत स्पष्ट आहे. ते पैसे घ्यायला नको होते, आणि घेतल्यावर परत द्यायला हवे होते. कायदा जिथे गप्प असतो तिथे माणसाच्या समजेवर काम चालतं, आणि ती समज इथे कमी पडली. ब्यूटटाऊनच्या ‘सर्जरी’त बसलेल्या माणसाला हे कळलं असतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मला टोचते.

मे महिन्यात आणखी दोन घाव बसले. कोविडकाळात मंत्र्यांच्या गटातले संदेश आपण पुसत असल्याचं त्यांनीच लिहिलेलं एका वृत्तसंस्थेने छापलं. हा संदेश फोडल्याचा ठपका ठेवून त्यांनी मंत्री हॅना ब्लिदिन यांना काढलं. ब्लिदिन यांनी आरोप नाकारला आणि त्या वृत्तसंस्थेनेही आपल्याला माहिती त्यांच्याकडून मिळाली नाही असं सांगितलं. ब्लिदिन यांना काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाने सरकारला दिलेलं सहकार्य काढून घेतलं.

२९ विरुद्ध २७

सहकार्य गेल्याने एवढा फरक का पडला, हे साठ खुर्च्या मोजल्या की कळतं. तेव्हा सेनेदमध्ये ६० सदस्य होते, पैकी ३० लेबरचे. निम्मे म्हणजे बहुमत नव्हे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सहसा मतदान करत नाहीत. अध्यक्ष प्लाइडच्या, उपाध्यक्ष लेबरचे, म्हणून उरले २९ विरुद्ध २९. ५ जून २०२४ रोजी विरोधकांनी गेथिंग यांच्यावर अविश्वासाचा प्रस्ताव आणला. त्या दिवशी ब्लिदिन आणि ली वॉटर्स हे लेबरचे दोन सदस्य आजारपणामुळे गैरहजर होते. निकाल: २९ विरुद्ध २७, गेथिंग हरले. सभागृहात त्यांचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी पाहिले.

तरी ते पदावर राहिले, आणि आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे अविश्वास प्रस्ताव मंजूर झाला की मंत्रिमंडळ गेलंच. वेल्सच्या कायद्यातही संपूर्ण सरकारवर अविश्वास दाखवला तर राजीनामा द्यावा लागतो. पण हा प्रस्ताव एका व्यक्तीवर होता, सरकारवर नव्हता, म्हणून बंधनकारक नव्हता. सभागृहाने ‘आमचा तुमच्यावर भरवसा नाही’ म्हटलं, ‘खुर्ची सोडा’ असा कायदेशीर आदेश दिला नाही.

खुर्ची शेवटी गेली ती घरातून. १६ जुलै रोजी त्यांच्याच चार मंत्र्यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले, त्यात पराभूत प्रतिस्पर्धी माइल्सही होते. काही तासांत गेथिंग यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. शपथेपासून ११८ दिवस झाले होते. ६ ऑगस्टला एलिनेड मॉर्गन त्यांच्या जागी आल्या, वेल्सच्या पहिल्या महिला फर्स्ट मिनिस्टर.

गोरे असते तर टिकले असते का?

हा प्रश्न वेल्समध्ये विचारला गेला आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. आपल्यावरचे आरोप राजकीय हेतूने केलेले आणि असत्य आहेत, मंत्री म्हणून स्वतःच्या फायद्यासाठी एकही निर्णय घेतला नाही, असं गेथिंग यांनी जाताना सांगितलं. पहिल्या माणसावर नजर जास्त रोखलेली असते, त्याच्या चुकीचा आवाज मोठा होतो, हे कोणत्याही समाजात पहिल्या पिढीत शिकलेल्या, पहिल्यांदा साहेबाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा.

पण दोन लाख पौंडांचा प्रश्न कोणालाही विचारला गेला असता, आणि विचारला जायलाच हवा होता. गावाने रंग पाहून वडिलांची नोकरी नाकारली तो अन्याय होता. पैशाबद्दल मुलाला जाब विचारणं हा त्याच अन्यायाचा पुढचा अंक नाही. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या, म्हणून त्या एक होत नाहीत.

कार्डिफमधल्या मराठी माणसाचं मत

आता कामाची माहिती. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहत असतील तर त्यांना तिथे मतदान करता येतं, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर कार्डिफ किंवा स्वान्सीत नोकरी करणारी, शिकणारी मराठी मुलं-मुली नगरसेवक, सेनेदचा सदस्य आणि खासदार निवडू शकतात, फक्त मतदारयादीत नाव नोंदवायला हवं. वेल्सने तर सेनेद आणि कौन्सिलच्या निवडणुकीत १६ वर्षांपासून मताचा हक्क दिला आहे आणि राष्ट्रकुलाबाहेरच्या कायदेशीर रहिवाशांनाही. कायम वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलच्या निवडणुकीला उभंही राहता येतं. ‘आपला काय संबंध’ म्हणून नाव न नोंदवणाऱ्यांनी वॉर्डातली सर्जरी कोणत्या दिवशी असते एवढं तरी पाहावं.

गेथिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ ची निवडणूक ते लढवणार नाहीत. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी विझवण्यात आली. तेव्हा ते मागच्या बाकावर होते, अजूनही ब्यूटटाऊन ज्यात येतं त्या मतदारसंघाचे सदस्य.